जुमानत नाही, म्हणजे 'डिफाय' करतो का?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. चाचणीत 'गावकऱ्यांनी बंदीहुकूम झुगारला' या वाक्याचं इंग्रजी करायचं होतं. तिनं 'द व्हिलेजर्स डिफाइड अगेन्स्ट द ऑर्डर' असं लिहिलं. बाईंनी 'अगेन्स्ट'वर फुली मारून अर्धा गुण कापला. मुलगी म्हणते, विरोध कशाच्या तरी विरुद्धच असतो ना, मग 'अगेन्स्ट' का नको? आणि 'डिफाय'च्या जागी 'अपोज' चाललं असतं का?
– एक आई, बार्शी

उत्तर : बाई बरोबर आहेत, अर्ध्या गुणावर पाणी सोडा. पण मुलीची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर प्रश्नातल्या मराठी वाक्यातच आहे. आपण 'हुकूम झुगारला' म्हणतो. 'हुकुमाविरुद्ध झुगारला' असं कुणी म्हणतं का? झुगारणं थेट हुकमावर जाऊन आदळतं, मध्ये 'विरुद्ध'ची मध्यस्थी लागत नाही. 'डिफाय'चंही तसंच. 'डिफाइड द ऑर्डर', 'डिफाइड द बॅन', 'डिफाइड हिज फादर'. 'अपोज' आणि 'रेझिस्ट' यांनाही 'अगेन्स्ट' खपत नाही. 'प्रोटेस्ट', 'रिबेल', 'फाइट' यांच्यामागे मात्र ते बिनदिक्कत येतं. आपल्याकडची मुलं तिथलं उचलून इथे चिकटवतात. आणखी एक ठेच इथेच लागते : 'ही डिफाइड टु गो'. जायला नकार दिला असेल तर 'रिफ्यूज्ड टु गो' म्हणायचं.

आता 'अपोज'. माझी नोकरीची बरीच वर्षं एका मराठी दैनिकाच्या रात्रपाळीत गेली. पीटीआय या वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्यांचा कागद टेलिप्रिंटरमधून सरसर खाली यायचा, तो फाडायचा, मराठी करायचं आणि डाक आवृत्तीची वेळ गाठायची. कुठे दंगल झाली, कुठे मोर्चा निघाला, की 'डिफाइंग प्रोहिबिटरी ऑर्डर्स' हे शब्द ठरलेले. आम्ही 'जमावबंदी मोडून' लिहायचो, नाहीतर 'जमावबंदी झुगारून'. 'जमावबंदीला विरोध करून' लिहिलं की मुख्य उपसंपादक कागद परत टाकायचे. का, ते एका प्रसंगावरून सांगतो.

18 जून 1946, मडगाव. पोर्तुगीज अमलात परवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायची सोय नव्हती. डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस सभेच्या ठिकाणी आले, लोकही भर पावसाळ्यात जमले. पोर्तुगीज अधिकाऱ्यानं पिस्तूल काढलं. लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला आणि पुढे झाले. दोघांनाही अटक झाली. गोव्यात हा दिवस आजही क्रांतिदिन म्हणून पाळतात आणि त्या मैदानाला लोहियांचंच नाव आहे.

समजा, लोहियांनी मुंबईत बसून या बंदीवर टीकेचा लेख लिहिला असता, तर इंग्रजीत म्हटलं असतं, 'ही अपोज्ड द बॅन'. एखाद्या घरात दारं लावून चारचौघांची सभा घेतली असती, तर त्यांनी बंदी चुकवली असं झालं असतं. बंदी बेकायदा आहे म्हणून न्यायालयात गेले असते, तर 'चॅलेंज्ड'. पण ज्यानं बंदी घातली त्याच्या डोळ्यांदेखत, शिक्षा काय होईल हे माहीत असताना, त्यांनी ती मोडली. तेव्हा 'लोहिया डिफाइड द बॅन'. या क्रियापदाला दोन गोष्टी लागतात. समोर अडवू किंवा दंड करू शकणारी कुठली तरी सत्ता हवी आणि कृती उघड हवी. यातली एक नसेल तर दुसरं क्रियापद शोधा.

सत्तेच्या या अटीमुळे क्रियापदाला दिशाही येते. साहेब शिपायाला 'डिफाय' करत नाही, शिपाई साहेबाला करतो. मंत्री न्यायालयाला 'डिफाय' करू शकतो, कारण तिथे वरचढ न्यायालय. मराठीतून इंग्रजीत जाताना इथे पाय घसरतो, कारण आपलं 'धुडकावणं' दोन्ही दिशांना चालतं. 'आमदारांनी पक्षादेश धुडकावला' हे 'डिफाइड'. 'सरकारनं कर्मचाऱ्यांची मागणी धुडकावली' हे मात्र 'रिजेक्टेड' किंवा 'टर्न्ड डाउन'. 'झुगारणं' त्या मानानं सुरक्षित, ते बहुधा खालूनच होतं. मथळ्यासाठीही तेच सोयीचं. तीन कॉलमी मथळ्यात 'पक्षादेश धुडकावून लावला' बसत नसे, 'व्हिप झुगारला' मात्र आरामात बसे.

व्हिपवरून आठवलं. 1985च्या पक्षांतरबंदी कायद्यात, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, 'डिफाय' वापरलेलं नाही. पक्षाच्या निर्देशाविरुद्ध मतदान केलं किंवा मतदान केलंच नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं, अशी तिथली कोरडी भाषा. इंग्रजी वर्तमानपत्रं मात्र ऐन मतदानाच्या वेळी सभागृहातून सटकणाऱ्यालाही 'डिफाइड द व्हिप' म्हणतात. माझ्या मते हा त्या सटकणाऱ्याचा फुकटचा गौरव आहे. त्यानं व्हिप चुकवला. झुगारला तो बाकावर बसून विरुद्ध मत देणाऱ्यानं.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. गाइडमध्ये 'डिफाय'चे समानार्थी म्हणून 'रेझिस्ट, डिसओबे, चॅलेंज, फ्लाउट' असे चार शब्द एका ओळीत दिले आहेत. पर्यायांत दोन आले की गोंधळ होतो.
– एक विद्यार्थी, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : गाइडवाल्यांना जागा वाचवायची असते. त्यांच्या ओळीतून तुम्हाला मार्ग काढायचा आहे, तर एकेक घेऊ.

'रेझिस्ट' म्हणजे दाबाखाली न वाकणं. त्याला समोर हुकूमच हवा असं नाही. घड्याळ पाण्याला 'रेझिस्ट' करतं, जंतू औषधाला करतात, आणि मधुमेह असलेला माणूस जिलबीला करू शकत नाही. या तिन्ही जागी 'डिफाय' घालून बघा, जिलबीनं वटहुकूम काढल्यासारखं वाटेल. पोलिसांच्या तावडीतून सुटायला धडपडणारा 'रेझिस्ट्स अरेस्ट', 'डिफाइज' नव्हे.

'डिसओबे'त फक्त आज्ञा पाळली नाही एवढंच येतं. उघड की चोरून, मुद्दाम की आळसानं, याच्याशी त्याला घेणं नाही. म्हणून कायद्याला हाच शब्द आवडतो. सरकारी अधिकाऱ्यानं रीतसर काढलेला आदेश मोडणं हा भारतीय दंड विधानाच्या कलम 188खाली गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेत तो कलम 223खाली येतो. दोन्हीकडे शब्द 'डिसओबिडियन्स' असाच आहे. खटल्याच्या कागदात 'डिसओबिडियन्स' आणि त्याच घटनेच्या बातमीत 'डिफायन्स', असं हमखास दिसेल. एक कलम सांगतं, दुसरं आवेश.

यावर तुम्ही विचाराल, मग गांधीजींच्या चळवळीचं इंग्रजी नाव 'सिव्हिल डिसओबिडियन्स' कसं? 6 एप्रिल 1930ला दांडीच्या किनाऱ्यावर जे झालं, किंवा त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवर जे झालं, ते उघड होतं, आधी सांगून सवरून होतं, लाठ्या आणि तुरुंग समोर ठेवून होतं. कृती म्हणून ते शंभर टक्के 'डिफायन्स'. पण 'डिफायन्स'मध्ये छाती पुढे काढल्याचा, डोळ्याला डोळा भिडवल्याचा भाव असतो. 'सिव्हिल' हे विशेषण त्याच्या शेजारी अवघडून बसलं असतं. आपल्याकडे 'सविनय कायदेभंग' रूढ झालं, त्यातही 'भंग' हा शब्द घटना सांगतो, आवेश सांगत नाही.

'चॅलेंज'चा घोळ आपल्या 'आव्हान' या शब्दामुळे होतो. अपात्र ठरवलेला ग्रामपंचायत सदस्य जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला उच्च न्यायालयात 'आव्हान देतो'. इथे 'चॅलेंजेस' हेच हवं. आदेशाला स्थगिती मिळेपर्यंत तो बिचारा घरी बसलेला असतो, म्हणजे आदेश पाळतच असतो. 'डिफाइज द ऑर्डर' लिहिलंत तर तो आदेश धाब्यावर बसवून मासिक सभेत खुर्चीवर जाऊन बसला असा अर्थ होईल. वकिलासमोर ही चूक करू नका.

'धाब्यावर बसवणं' आलंच आहे तर 'फ्लाउट' उरकून घेऊ, कारण ते त्याचंच इंग्रजी आहे. 'फ्लाउट'मध्ये नियमाची किंमत शून्य धरलेली असते. पुण्यात राहता, तर उदाहरण रोज रस्त्यावर बघता. हेल्मेट न घालता, सिग्नल लाल असताना, चौकात पोलीस नाही हे बघून गाडी दामटणारा नियम 'फ्लाउट' करतो. हेल्मेटसक्तीच्या निषेधार्थ मुद्दाम उघड्या डोक्यानं, पोलिसांच्या समोरून गाड्या नेणारे सक्तीला 'डिफाय' करतात. पहिल्याला नियमाशी काही भांडण नाही, त्याला लवकर पोचायचं आहे. (तुमच्या पिढीचा एक वाक्प्रचार मला ठाऊक आहे, 'फाट्यावर मारणं'. तोही 'फ्लाउट'च. छापायची पद्धत नाही म्हणून कंसात.) आणि 'फ्लाउट'च्या जागी 'फ्लॉन्ट' लिहू नका. 'फ्लॉन्ट' म्हणजे मिरवणं. परीक्षेत ही जोडी येते.

प्रश्न : 'डिफाय' हा शब्द 'डिइफाय'वरून आला असावा का? देवत्व देणं आणि देवालाही न जुमानणं, असा काही संबंध?
– एक निवृत्त लिपिक, रत्नागिरी

उत्तर : कल्पना झकास, पण नाही. 'डिइफाय' लॅटिनमधल्या देवाच्या शब्दावरून आला. 'डिफाय'चं घराणं निराळं आहे, आणि तुम्ही लिपिक म्हणून आयुष्यभर त्या घराण्यातल्या कागदांवर शिक्के मारले असणार.

त्याच्या मुळाशी लॅटिन 'फिदेस' आहे, म्हणजे विश्वास, इमान, दिलेला शब्द. शाळेतून आणायचं 'बोनाफाईड सर्टिफिकेट' यातूनच : सद्भावनेनं, खरेपणानं. तहसील कचेरीबाहेर टायपिंगवाल्याकडून करून घ्यायचं 'ॲफिडेव्हिट' यातूनच : 'त्यानं शपथेवर सांगितलं आहे'. 'कॉन्फिडन्स' यातलाच, आणि परदेशात शिकणारी मुलं हल्ली घरी फोनवर ज्याची किंवा जिची ओळख करून देतात ती 'फियान्से'ही यातलीच. त्याला तोडणारा 'दिस' हा उपसर्ग लागला आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'डिफाय' आला. शब्दशः अर्थ, इमान मागे घेणं.

ही नुसती व्युत्पत्ती नाही, मध्ययुगीन युरोपात ती रीतसर प्रथा होती. सरदार राजाशी इमानाची शपथ घेई. राजाशी लढायचं तर आधी ती शपथ परत केल्याचं जाहीर करावं लागे, नाहीतर ती गद्दारी. आपल्याकडे बेलभंडार उचलून शपथ घेत. तो बेलभंडार धन्याच्या समोर परत ठेवून 'आता मी तुमचा नाही' म्हणून सांगायचं आणि मग तलवार काढायची, असं काहीसं धरा. इंग्लंडच्या सरदारांनी मे 1215 मध्ये राजा जॉनला अशीच नोटीस दिली. दीड महिन्याच्या आत, 15 जूनला, रनीमीडच्या कुरणात राजानं मॅग्ना कार्टाला, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेला, मान्यता दिली. आजही 'डिफाय' चोरून करता येत नाही त्याची मुळं इथवर जातात, असं मला वाटतं.

जाता जाता याच घरातला एक बुजरा चुलतभाऊ : 'डिफिडंट'. तोच उपसर्ग, तेच मूळ. पण त्याचा विश्वास उडाला तो स्वतःवरचा. त्यामुळे 'डिफायंट' पोरगा बाईंच्या डोळ्याला डोळा देऊन उभा राहतो आणि 'डिफिडंट' पोरगा उत्तर येत असूनही हात वर करत नाही.

प्रश्न : एका प्रवासवर्णनाचा अनुवाद करते आहे. 'द व्ह्यू डिफाइज डिस्क्रिप्शन' याला मी 'ते दृश्य वर्णनाला आव्हान देतं' असं केलं. संपादकांना ते रुचलं नाही. मलाही फारसं नाही.
– एक अनुवादिका, नाशिक

उत्तर : दोघांचेही कान शाबूत आहेत. इथे दृश्य कुणाशी भांडत नाही. आपल्या शब्दांनी त्याला पकडायचा प्रयत्न केला आणि ते हाती लागलं नाही, एवढंच. इंग्रजीत हा अर्थ सत्तेच्या अर्थाइतकाच रुळलेला आहे, फक्त इथे सत्तेच्या जागी आपली भाषा, आपली बुद्धी, आपले अंदाज येऊन बसतात. मराठीत याला एकच साचा नाही आणि शोधूही नये. कर्म कोणतं ते बघायचं आणि मराठीत माणूस तिथे काय म्हणतो ते लिहायचं.

'डिफाइज डिस्क्रिप्शन' : 'ते शब्दांत सांगता येत नाही'. भारदस्त मजकूर असेल तर 'वर्णनातीत'. 'डिफाइज लॉजिक' : एखाद्या निर्णयाबद्दल असेल तर 'याला काही शेंडाबुडखा नाही', घटनेबद्दल असेल तर 'याची संगती लागत नाही'. 'डिफाइज बिलीफ' : 'डोळ्यांवर विश्वास बसत नाही', नाहीतर सरळ 'खरं वाटत नाही'. 'डिफाइड द ऑड्स' : 'सगळ्यांचे अंदाज खोटे ठरवले', आजारातून उठलेल्याबद्दल असेल तर 'डॉक्टरांनी आशा सोडली होती, तरी'. शेवटचं वाक्य लांब झालं तर होऊ द्या. अनुवादात शब्द मोजून पैसे मिळत असतील तर फायदाच आहे.

'आव्हान' जिथे शोभतं अशी एक जागा मात्र आहे, 'डेथ-डिफाइंग'. जत्रेत लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरवतात. बाहेर तिकिटाच्या खिडकीवर लाऊडस्पीकर ओरडत असतो, आत तो पोरगा हँडल सोडून, हात पसरून, कठड्याशी उभ्या प्रेक्षकांच्या हातातली दहाची नोट टिपतो. तिथे 'मृत्यूला आव्हान' म्हणा, 'मृत्यूला हुलकावणी' म्हणा, दोन्ही चालेल. मला 'हुलकावणी' बरी वाटते, कारण तो मृत्यूशी भांडत नाही, रोज संध्याकाळी त्याच्या हातावर तुरी देतो.

पण 'एज-डिफाइंग क्रीम'च्या जाहिरातीचं भाषांतर करायची वेळ आली तर 'वयाला आव्हान' लिहू नका. क्रीम सुरकुत्या झाकतं. वर सांगितलेल्या उघडपणाच्या अटीवर ते नापास आहे. 'वय जाणवू न देणारं' पुरे.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहातल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात 'आय डिफाय यू टु नेम वन' असं वाक्य आहे. 'मी तुला जुमानत नाही' धरलं तर पुढचं जुळत नाही.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : कारण इथला अर्थ जुना आहे : ललकारणं. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये शत्रुपक्षाचा धिप्पाड योद्धा गोलियथ दरीपलीकडून ओरडतो, 'आय डिफाय द आर्मीज ऑफ इझ्रायल धिस डे', आणि लगेच एक माणूस लढायला मागतो. तो कुणाचा हुकूम मोडत नाही, आखाड्यात उतरून मांडीवर थाप मारतो आहे. फ्रेंचमध्ये या शब्दाचा भाऊ आजही 'आव्हान' याच अर्थानं नांदतो. इंग्रजीत तो एका साच्यात शिल्लक राहिला : 'आय डिफाय यू टु' आणि पुढे क्रियापद. 'करून दाखव बघू' असा सूर, आणि तुला जमणार नाही ही खात्री. तुमचं वाक्य म्हणजे, 'एक तरी नाव सांगून दाखव!' जुनाट झालेलं नाही, इंग्रजी अग्रलेखांत आजही दिसतं. साच्याची खूण म्हणजे मधलं माणसाचं कर्म आणि मागून येणारं 'टु'. ही खूण नसेल तर नेहमीचा 'न जुमानणे' धरा.

'न जुमानणे' यातला 'न' मात्र काढू नका. 'तो वडिलांना जुमानतो' असं वाक्य मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मराठीत जुमानणं ही गोष्ट फक्त न करण्यासाठीच आहे की काय, कोण जाणे.

प्रश्न : कंपनीच्या बैठकीचं आमंत्रण आलं. मी घाईत 'आय विल डिफायंटली अटेंड' असं उत्तर पाठवलं. सगळे हसताहेत. एवढं काय झालं?
– एक अभियंता, हिंजवडी

उत्तर : तुम्हाला 'डेफिनेटली' लिहायचं होतं. त्याचं स्पेलिंग चुकलं की फोन किंवा संगणक आपल्या अकलेनं जवळचा शब्द बसवतो आणि तो बऱ्याचदा 'डिफायंटली' निघतो. तुमच्या उत्तराचा अर्थ झाला, 'कुणी कितीही अडवलं तरी मी बैठकीला येणारच, बघतो कोण काय करतं ते'. साहेबांनी अडवलेलं नव्हतं, म्हणून हसले. खुलासा पाठवू नका, बैठकीला वेळेवर जा. पुढच्या वेळी 'शुअर' लिहा, इंग्रजीत दहाऐवजी चारच अक्षरं लागतात आणि चुकायला जागा कमी आहे.